गंजावर रंग चढवू नका
शेती खात्याच्या जुन्या जीपच्या दुरुस्तीची हकीकत



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासद बंधूंनी उभे राहून विचारले होते, "शेती खात्याची ती जुनी जीप भंगारात का घालत नाही? नव्या गाड्या असताना जुन्या डब्याला पत्रे लावत बसायचं कारण काय?" प्रश्न रास्त होता. सभेत वेळ थोडा उरला होता म्हणून सविस्तर उत्तर पत्रिकेतून द्यावे असे ठरले व ते काम आमच्याकडे आले.

नुसता खर्चाचा आकडा देऊन हे उत्तर पुरे होणार नाही. त्या जीपला गंज कसा लागला, तो काढताना काय काय करावे लागले आणि या साऱ्यात आमची स्वतःची चूक कोणती झाली, हेही सांगणे आम्हांस जरूर वाटते. आज प्रत्येक सभासदाच्या दारात ट्रॉली, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप असे काही ना काही लोखंड उभे आहे. जीपच्या पत्र्यावर जे झाले तेच त्या लोखंडावरही होत असते. म्हणून ही हकीकत कामाची ठरेल.

जीप कोणत्या घराण्यातली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जी छोटी चारचाकी गाडी तयार झाली, तीच पुढे जीप म्हणून जगभर गेली. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो येथे विलीज कंपनीचा कारखाना होता. आपल्याकडे १९४७ साली महिंद्राने मुंबईत या जीपच्या जोडणीस सुरुवात केली. पुढे १९५३ साली विलीजने सीजे-३बी हे मॉडेल काढले. त्यातले नवे इंजिन उंचीला जास्त होते, ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. हीच उंच कपाळाची जीप महिंद्राने आपल्या देशात पुढे कित्येक वर्षे बनविली. आपली जीप याच घराण्यातली, १९७० सालची. त्यावेळी आमचा जन्मही झालेला नव्हता.

जुने सभासद सांगतात की, १९७२ च्या दुष्काळात याच जीपमधून शेती खात्याची माणसे विहिरी पाहत फिरत. को ७४० चे बेणे बेणे मळ्यातून शेतकऱ्यांच्या बांधावर गेले तेही हिच्याच मागच्या हौद्यातून. अलीकडे ती रोजच्या कामातून निवृत्त झाली होती. तरी मोळी पूजनाच्या दिवशी पहिली मोळी गव्हाणीपर्यंत हिच्यातूनच न्यायची, हा रिवाज राहिला होता.

चूक कोठे झाली?

सन २०१८ च्या हंगामापूर्वी जीपचे पत्रे खराब दिसू लागले म्हणून ती बाहेरच्या एका गॅरेजला दिली. आठ दिवसांत गाडी नव्या नवरीसारखी होऊन आली. रंग असा की तोंड पाहून घ्यावे. आम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरविला आणि बिलावर सही केली. खाली वाकून पाहिले नाही, रबरी मॅट उचलून पाहिली नाही. सही आमचीच आहे, हे येथे नमूद करतो.

सन २०१९ चा पावसाळा गेला आणि दिवाळीच्या सुमारास रंगावर बारीक बारीक फोड दिसू लागले. आमचे ड्रायव्हरमामा म्हणाले, "साहेब, खालनं काहीतरी उठतंय." हंगाम तोंडावर होता. पुढे बघू, असे म्हणून आम्ही विषय टाळला.

मोळी पूजनाच्या दिवशी कारखान्याचे एक संस्थापक सभासद आले होते. सगळे गाव त्यांना आबा म्हणते. ऐंशी ओलांडलेले वय. त्यांना मानाने जीपमध्ये बसवावे म्हणून आम्हीच हात दिला. त्यांनी उजवा पाय आत ठेवला, अंगाचा भार टाकला आणि करकन आवाज होऊन पाय गुडघ्यापर्यंत तळपत्र्यातून खाली गेला. पत्र्याची फाटकी धार नडगीला लागली. सात टाके पडले. गाडी उभी होती म्हणून बरे, चालू गाडीत हा प्रकार झाला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

दवाखान्यात आम्ही त्यांच्या उशाशी बसलो होतो. काय बोलावे सुचेना. आबाच म्हणाले, "पोरा, काणी आलेल्या उसाचा नुसता पट्टा खुडून चालतं का रं? बेट उपटायला तूच सांगतोस न्हवं आम्हाला?"

आम्ही गावोगाव सभा घेऊन जे सांगतो, तेच आबांनी आमच्या पदरात घातले. काणीचा काळा पट्टा दिसला की त्यावर पिशवी चढवून सबंध बेट मुळासकट काढावे व जाळावे. नुसता पट्टा मोडला तर शेत दोन दिवस स्वच्छ दिसते, पण रोग बेटात तसाच राहतो आणि खोडव्यात दुप्पट दिसतो. गॅरेजवाल्याने पट्टा खुडला होता आणि आम्ही त्याचे पैसे दिले होते.

पोटॅशची पोती आणि गंज

जीप नंतर वर्कशॉपच्या शेडमध्ये विटांवर उभी राहिली. कोरोनाची दोन वर्षे गेली. अखेर ऑफ सीझनमध्ये वर्कशॉपचे वेल्डर व फिटर मोकळे असताना आपल्या घरीच हे काम करावयाचे ठरले. पत्रेकामात हयात घालविलेले आपले एक निवृत्त मिस्त्री मार्गदर्शनास आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "या हौद्यातनं काय वाहत होता?"

आम्ही म्हणालो, "बेणं, खतं, माती परीक्षणाच्या पिशव्या."

"खतं म्हंजी? पोटॅश?"

"होय."

"मग झालं तर!"

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शाळेत सर्वांनी वाचले आहे. पण मीठ मिसळले की हीच क्रिया कितीतरी जोराने होते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम क्लोराईड, जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. त्याच्या पोत्यात वजनाने जवळजवळ निम्मा भाग क्लोराईडचा असतो. हे क्लोराईड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडते. शिवाय ते गंज तयार होण्यात खर्ची पडत नाही, एका जागचे काम संपवून पुढच्या जागेला लागते. पोते एकदा सांडले आणि कण मॅटखाली गेले की ओल मिळेल तेव्हा ते आपले काम करीत राहतात.

दुसरी गोष्ट रंगावरच्या फोडांची. रंगाचा थर आपण समजतो तसा पूर्णपणे पाणबंद नसतो. पत्र्यावर मिठाचे कण राहिले व त्यावरच रंग मारला, तर ते कण रंगातून ओलावा आत ओढून घेतात. मुळाच्या पेशी जमिनीतले पाणी ओढतात, त्यातलाच हा प्रकार. आत पाणी साचते, खाली गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला वर उचलतो. फोड दिसला याचा अर्थ रोग आज लागला असा नव्हे. तो आत बराच पसरला आहे, असा आहे.

उघडून पाहिले तेव्हा

प्रथम बॅटरी सोडली. मग पेट्रोलची टाकी काढली. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, तेव्हा ती जागेवर ठेवून वेल्डिंगचा विचारही करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. टाकी शेडच्या बाहेर दूर नेऊन ठेवली. नंतर सीट, मॅट, हत्यारपेटीचे झाकण, मागचा फाळका असे एकेक काढले.

मिस्त्रींनी एका हातात टोच्या व दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेतली आणि वीत-वीत अंतरावर ठोकत गेले. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला पत्रा भद्द आवाज करतो. जेथे लांबी भरली होती तेथे आवाजच येईना. टोच्या टेकविला की आत जाई. "साहेब, हे पत्रं न्हवं, पापड हाय," मिस्त्री म्हणाले.

लांबी खरवडल्यावर २०१८ चे काम उघडे पडले. गंजलेल्या भोकावर पातळ पत्र्याचा तुकडा चार ठिकाणी चिकटविलेला, त्यावर बोटभर जाडीची लांबी, आणि त्यावर तो सुंदर रंग. लांबी ओल शोषून घेते. ती नुसत्या गंजावर भरली की ओल्या फडक्यासारखी पत्र्याला चिकटून बसते. म्हणजे आपण रोग झाकलाच, शिवाय त्याला पाणी पाजण्याची सोयही केली.

कुजलेल्या जागा अशा होत्या: ड्रायव्हरच्या पायाखालचा तळपत्रा, हत्यारपेटीचा तळ, मागच्या चाकांवरील कमानीचा कोपरा, फाळक्याची दुमडलेली खालची कड आणि तळपत्र्याखालच्या आडव्या पोकळ पट्ट्या. या साऱ्या जागांत एक गोष्ट समान आहे. तेथे पाणी व चिखल साचतो आणि वारा लागत नाही. बॉनेट मात्र पन्नास वर्षांनंतरही खणखणीत निघाले, कारण त्यावर पडलेले पाणी थांबत नाही.

कापावे कोठपर्यंत?

येथे आमचा व मिस्त्रींचा थोडा वाद झाला. आम्हांस वाटे, भोकाएवढाच पत्रा कापावा, काम कमी होईल. मिस्त्रींनी भोकाच्या कडेला ग्राइंडर लावला. दोन बोटे पुढे गेले तरी पत्र्यात काळे खड्डे दिसत होते. आणखी पुढे गेल्यावर पांढरी स्वच्छ चकाकी आली. त्या चकाकीच्याही पुढे एक बोट जाऊन त्यांनी खडूने रेघ मारली. "हितनं कापायचं. टाका चांगल्या कापडाला घालायचा, फाटक्याला न्हाई."

कारण सरळ आहे. गंजाने पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंगची उष्णता सोसत नाही. तो जळून भोक आणखी मोठे होते, आणि कसाबसा जोड बसला तरी त्याच्या शेजारी गंज शिल्लक राहतो.

मात्र सगळे एकदम कापू नये, हेही आम्ही शिकलो. जीपला छप्पर नाही, दरवाजे नाहीत. तळ हाच तिच्या बॉडीचा कणा. तो सबंध काढला तर बॉडी वाकडी होते आणि मग कोणताही पत्रा जागेवर बसत नाही. म्हणून बॉडी चॅसीवर बोल्टने आवळलेलीच ठेवली, आत दोन ठिकाणी आडवे अँगल टाचून घेतले व एका वेळी एकच बाजू कापली. ती बाजू पुरी झाल्यावर दुसरीला हात घातला.

ठिगळाचा पत्रा

मूळ पत्र्याची जाडी चांगल्या जागी मोजली. ती अठरा गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर भरली. तेवढ्याच जाडीचा साधा सी.आर. पत्रा आणला. शेडवर घालावयाचा जस्ताचा पांढरा पत्रा शिल्लक होता, तो वापरू का, असे आम्ही विचारले. मिस्त्रींनी कानाला हात लावला. जस्ताच्या पत्र्याचे वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ज्या वेल्डरांनी हे भोगले आहे ते विसरत नाहीत.

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना केला. पुठ्ठा चुकला तर दुसरा घेता येतो. लग्नाच्या पत्रिकांचे खोके यासाठी उत्तम. नमुना भोकावर बसवून, कडा आखून, मग पत्र्यावर उतरविला. जीपच्या तळपत्र्यावर उभार रेघा असतात. त्या शोभेच्या नाहीत, पातळ पत्र्याला त्यांनीच ताठपणा येतो. म्हणून बाभळीच्या ओंडक्यात खोबण कोरून, त्यावर पत्रा ठेवून व बोथट छिन्नीने हळूहळू ठोकून त्या रेघा पुन्हा काढल्या. या एका कामात दोन दिवस गेले. कमानीचा गोल कोपरा तर तीन वेळा फसला. चौथ्या वेळी बसला तेव्हा वर्कशॉपमधल्या पोरांनी टाळ्या वाजविल्या.

टाके घालण्याची रीत

रॉडच्या वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोके पडतात. गॅस वेल्डिंगने जोड चांगला येतो, पण उष्णता फार पसरते आणि पत्रा पोळीसारखा फुगतो. म्हणून सीओटू वेल्डिंग, ०.८ मिलिमीटरची तार, असे ठरविले.

ठिगळ भोकात बसविताना चारी बाजूंनी पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवली. प्रथम चार कोपऱ्यांना चार टाके. मग प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक. मग त्यांच्या मध्ये एकेक. असे करीत टाके इंच-इंच अंतरावर आले की मधली जागा भरावयाची, तीही सलग नव्हे. एक टाका येथे, दुसरा समोरच्या बाजूला, आणि जागा हात लावण्याइतकी निवेपर्यंत थांबावयाचे. वेल्डिंग निवताना आकसते व शेजारच्या पत्र्याला ओढते. सलग रेघ ओढली तर सबंध पत्रा वाकतो. आमच्या वेल्डरने घाईत एका बाजूला वीतभर रेघ सलग मारली होती. तेवढ्याने मध्ये फुगा आला व तो बसवायला हातोडी-डॉली घेऊन अर्धा दिवस गेला. घाईने वेळ वाचत नाही, हे त्यालाही पटले.

जेथे भोक पडण्याची भीती होती तेथे मागून तांब्याची पट्टी धरली. विद्युत विभागातील जुन्या पट्टीचा तुकडा होता. वितळलेले लोखंड तांब्याला चिकटत नाही व तांबे उष्णता ओढून घेते.

वेल्डिंगच्या वेळी पाण्याच्या दोन बादल्या, ओले गोणपाट आणि एक माणूस नुसता पाहारा करायला, एवढे नेहमी ठेवले. काम थांबल्यावरही अर्धा तास तो माणूस तेथून हलत नसे. ठिणगी पोकळ पट्टीत जाऊन बसते आणि आपण जेवायला गेलो की पेटते.

आपल्याच मोलॅसिसचा उपयोग

आता एक गोष्ट अशी सांगतो की, जी ऐकून आम्हीही प्रथम हसलो होतो. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे परदेशातले शौकीन, विशेषतः ऑस्ट्रेलियातले, गंज काढण्यासाठी मोलॅसिस वापरतात! एक भाग मोलॅसिस व नऊ भाग पाणी असे मिश्रण करून गंजलेले सुटे भाग त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. मोलॅसिसमधील घटक गंजाच्या लोखंडाला धरून पाण्यात उतरवितात, आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही.

आपल्या घरी मोलॅसिस असताना प्रयोग करून का पाहू नये? रीतसर नोंद करून दोन बादल्या घेतल्या. प्लॅस्टिकच्या पिंपात मिश्रण करून फाळक्याच्या बिजागऱ्या, साखळीचे हूक, सीटचे क्लॅम्प व मूठभर बोल्ट बुडविले. तीन-चार दिवसांत पिंप आंबून फेसाळले, वास सुटला, माश्या जमल्या. वर्कशॉपच्या मंडळींनी पिंप लांब बांधाकडेला हलविले. सतराव्या दिवशी बिजागऱ्या काढून पाण्याच्या जोरात ब्रश मारला तर खाली राखाडी, स्वच्छ लोखंड! अक्षरे कोरलेली होती तीही वाचता आली.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्यात. अॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग यात कधीही टाकू नयेत, ते खाल्ले जातात. आणि भाग बाहेर काढला की लगेच धुऊन, कोरडा करून प्रायमर मारावा. स्वच्छ उघडे लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते.

धुणे, आम्ल, प्रायमर

बॉडीचा मोठा पत्रा पिंपात बुडविता येत नाही. त्यावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने व ग्राइंडरने काढला. नंतर साध्या पाण्याने तीनदा धुतला. हे धुणे लोक टाळतात, पण पोटॅशचे क्लोराईड पाण्यानेच निघते, पॉलिशपेपरने निघत नाही. खड्ड्यांत राहिलेल्या गंजासाठी सौम्य फॉस्फोरिक आम्ल लावले. हे आम्ल साखर कारखान्याला नवे नाही, रसाच्या शुद्धीकरणात वापरतात तेच. लोखंडाच्या गंजाशी त्याचा संयोग होऊन वर फॉस्फेटचा थर बसतो. हातमोजे व चष्मा घालावा. आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नव्हे. काम झाल्यावर पुन्हा धुऊन पूर्ण वाळवावे.

वाळल्याबरोबर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. नुसत्या रेड ऑक्साईडवर विसंबू नये, त्यातून ओल आत जाते. जेथे पत्र्यावर पत्रा येतो त्या जोडांच्या आत वेल्डिंगपूर्वीच जस्ताचे प्रायमर लावले होते. सगळ्या शिवणींवर सीलर भरला. लांबी वापरली, नाही असे नाही. पण ती प्रायमरवर, नखाएवढ्या जाडीची, केवळ हातोडीच्या खुणा मिटविण्यापुरती.

शेवटी खालच्या पोकळ पट्ट्या. त्यांच्यात पातळ मेण नळीने फवारले. त्यांच्या टोकाची पाणी जाण्याची भोके मागच्या वेळी लांबीने बुजविली होती, ती टोकरून मोकळी केली. शेताला चर काढतो तसेच गाडीलाही पाणी बाहेर जायला वाट हवी. सगळे संपल्यावर मूळचा हिरवट रंग चढला.

खर्च व पुढील उपयोग

पत्रा, तार, गॅस, प्रायमर, रंग व किरकोळ सामान एवढाच बाहेरचा खर्च झाला. मजुरी आपल्याच कामगारांची, ऑफ सीझनमधली. जॉब कार्ड वर्कशॉपमध्ये आहे. कोणाही सभासदाने येऊन ते पाहावे.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पन्नास वर्षांपुढील व मूळ रूप टिकविलेल्या चारचाकीची व्हिंटेज वाहन म्हणून नोंद करता येते. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन, फेरी अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणूनच बाजारात मिळणारी वेगळ्या आकाराची तयार बॉडी आम्ही बसविली नाही. या नोंदणीचे कागद आता तयार करीत आहोत. बेणे वाहण्याचे काम जीपने पुष्कळ केले, ते आता तिच्याकडून घ्यावयाचे नाही.

सभासदांनी काय करावे?

एक : पोटॅश किंवा कोणतेही खत वाहिल्यावर ट्रॉली त्याच दिवशी पाण्याने धुवावी व फाळका उघडा ठेवून वाळू द्यावी.

दोन : ट्रॉलीच्या तळाची व कोपऱ्यांची पाणी जाण्याची भोके खिळ्याने मोकळी करावीत. नसतील तर पाडून घ्यावीत.

तीन : ट्रॅक्टरच्या मॅटखाली गोणपाट घालू नये. ते ओल धरून ठेवते.

चार : रंगाला फोड दिसल्यास टोच्या लावून पाहावे. लाज वाटून घेऊ नये.

पाच : गॅरेजमध्ये काम दिल्यास रंग मारण्यापूर्वी एकदा जाऊन उघडा पत्रा डोळ्यांनी पाहावा. रंगानंतर पाहण्यासारखे काही राहत नाही.

सहा : ट्रॉलीचा हूक, दांडी व चॅसी येथे गंज असेल तर ठिगळावर भागवू नये. भरलेली ट्रॉली रस्त्यात तुटली तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. असा भाग जाणकाराकडून बदलूनच घ्यावा.

काम पुरे झाल्यावर आम्ही आबांना बोलावणे पाठविले. ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. जीपकडे पाहिले, पण रंगाविषयी एक शब्द बोलले नाहीत. मॅट उचलायला लावली. काठीने तळपत्रा चार ठिकाणी ठोकला व कान देऊन ऐकला. मग म्हणाले, "आता तू बस आधी."

आम्ही बसलो. मग ते बसले.

येत्या मोळी पूजनास जीप गव्हाणीपाशी उभी असेल. सभासदांनी जवळ येऊन खाली वाकून पाहावे. मॅट घातलेली नसेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी